तालीम आणि तलवार
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात इतिहासातील एखाद्या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी सूचना आपल्या चिटणीसांनी मला केली. विषय निवडण्याची मोकळीक दिली होती. मी मध्ययुगातील तुर्क सुभेदार हा विषय घेतला आहे. दिल्लीच्या सुलतानांचा धडा शिकवताना दरवर्षी कोणी ना कोणी विद्यार्थी विचारतोच, "सर, तो गुलाम होता, तर मग राजा कसा झाला?" तासाला याचे पुरेसे उत्तर देण्याइतका वेळ नसतो. ते उत्तर आज पालकांच्या समक्ष द्यावे असे मनात आले, कारण त्यात पालकांनी ऐकण्यासारखे पुष्कळ आहे.

आपल्या मराठीत तालीम म्हटले की लाल माती, जोर-बैठका आणि पहिलवान डोळ्यांपुढे येतात. परंतु हा शब्द मूळचा अरबी आणि त्याचा अर्थ शिकवणे, शिक्षण देणे असा आहे. एकाच शब्दात शरीराची आणि बुद्धीची अशा दोन्ही तालमी आल्या. आज मी ज्या लोकांविषयी बोलणार आहे, त्यांच्या उदयाचे आणि ऱ्हासाचे पुष्कळसे कारण या एका शब्दात सापडते.

इ.स. ८३३ मध्ये मुअतसिम हा बगदादच्या अब्बासी खिलाफतीच्या गादीवर आला. जुन्या सरदार घराण्यांवर त्याचा विश्वास नव्हता. बुखारा-समरकंदच्या पलीकडील प्रदेशातून तुर्क तरुण विकत आणून त्याने आपले खास सैन्य उभारले. या सैनिकांचे आणि बगदादच्या नागरिकांचे पटेना, तेव्हा ८३६ मध्ये त्याने तैग्रिस नदीच्या काठी समर्रा ही नवी राजधानी वसवली. ज्यांना रक्षक म्हणून आणले ते लवकरच मालक होऊन बसले. ८६१ मध्ये तुर्क शिपायांनी खलिफा मुतवक्किल याचा खून केला आणि पुढच्या नऊ वर्षांत चार खलिफा गादीवर आले व गेले. हे मी मुद्दाम आधीच सांगतो. या लोकांचे केवळ पोवाडे गाण्यासाठी मी उभा नाही. ज्या व्यवस्थेत लहान मुले आईबापांपासून तोडून बाजारात विकली जात, ती व्यवस्था चांगली होती असे कोणीही म्हणणार नाही. परंतु त्या व्यवस्थेतून वर आलेल्या माणसांनी काय केले आणि त्यांचे पुढे काय झाले, हे मात्र अभ्यासण्यासारखे आहे.

या समर्रा शहरातच अहमद बिन तूलून हा वाढला. त्याचा बाप तूलून हा बुखाऱ्याच्या सुभेदाराने खलिफाकडे नजराण्यात पाठवलेला तुर्क गुलाम होता. तो स्वतःच्या कर्तबगारीने पहारेकऱ्यांचा नायक झाला. मुलाने केवळ घोडा आणि तलवार यांवर समाधान मानले नाही. कुराण मुखोद्गत केले आणि तर्सूस या सरहद्दीवरील गावी जाऊन धर्मशास्त्राच्या विद्वानांजवळ अध्ययन केले. त्या काळी एक पद्धत होती. खलिफा मोठ्या सरदाराला एखादा सुभा देई. सरदार स्वतः राजधानीतच राही आणि कारभारासाठी आपला नायब पाठवी. असा नायब म्हणून अहमद ८६८ मध्ये इजिप्तला गेला. तेथील महसुलाचा अधिकारी जुलमी म्हणून कुप्रसिद्ध होता. अहमदने काही वर्षांत त्याला तेथून हलवले, महसूल आपल्या हाती घेतला आणि इजिप्तचा पैसा बराचसा इजिप्तमध्येच खर्च होऊ लागला.

त्या पैशातून त्याने काय केले? त्याने कताई नावाचे नवे नगर वसवले. ८७९ मध्ये पूर्ण झालेली त्याची मशीद आजही कैरोत उभी आहे. त्याने एक रुग्णालय बांधले. त्याचा नियम असा सांगतात की, तेथे शिपाई किंवा गुलाम यांच्यावर उपचार करायचे नाहीत, कारण त्यांची सोय सरकारात होतीच. ते सामान्य रयतेसाठी होते. रोगी आला की त्याचे कपडे व पैसे सांभाळून ठेवायचे आणि त्याला रुग्णालयाचे कपडे द्यायचे. एक कोंबडी आणि एक रोटी तो खाऊ शकला, म्हणजे बरा झाला असे समजून त्याला घरी सोडायचे. आपल्या विज्ञानाच्या शिक्षकांना ही कसोटी आवडेल.

८८४ मध्ये अहमद मरण पावला, तेव्हा खजिन्यात एक कोटी दीनार होते असे इतिहासकार सांगतात. पण त्याच्या घरात काय होते? थोरला मुलगा अब्बास याने बाप सीरियाच्या मोहिमेवर असताना बंड केले होते. दुसरा मुलगा खुमारवैह वयाच्या विशीत गादीवर आला. तो अगदीच नालायक होता असे नव्हे. लढाया त्याने जिंकल्या, मुलूख वाढवला. परंतु हात सैल होता. झोप लागत नाही म्हणून त्याने वाड्यात पाऱ्याचा तलाव करवून घेतला आणि त्यावर तरंगणाऱ्या हवेच्या गादीवर तो निजे, असे वर्णन आहे. मुलीचे लग्न खलिफाशी लावले, तेव्हा हुंड्यावर आणि थाटावर असा काही खर्च केला की त्याच्या कथा शतकानुशतके सांगितल्या गेल्या. ८९६ मध्ये त्याच्याच नोकरांनी त्याला मारले, त्या वेळी खजिना रिकामा होता. पुढच्या नऊ वर्षांत तीन वारस झाले. ९०५ मध्ये खलिफाच्या सैन्याने येऊन कताई नगर जमीनदोस्त केले. फक्त मशीद राखली.

पालकहो, बापाने तर्सूसला जाऊन विद्या मिळवली होती. मुलांसाठी त्याने एक कोटी दीनार ठेवले. घराणे सदतीस वर्षांत संपले. लग्नाच्या थाटासाठी कर्ज काढणारे आणि शाळेची फी देताना मात्र हात आखडणारे लोक आपल्या ओळखीत असतील, तर त्यांना ही हकिकत जरूर सांगावी.

आता दीडशे वर्षे पुढे येऊ. १०५५ मध्ये सेल्जूक तुर्कांचा प्रमुख तुघ्रिल बेग बगदादेत आला. या वेळी तुर्क गुलाम म्हणून आले नव्हते. आपल्या टोळ्या घेऊन स्वतंत्र सुलतान म्हणून आले होते. राज्य मोठे झाले, पण ते चालवण्यासाठी लिहिता-वाचता येणारी, हिशेब जाणणारी माणसे हवीत, हे सेल्जूक सुलतानांनी ओळखले. त्यांचा वजीर निजाम-उल-मुल्क हा तुर्क नव्हता, तूस प्रांतातला इराणी होता. तलवार तुर्काची आणि लेखणी इराण्याची, असा हा संसार तीस वर्षे चालला. निजाम-उल-मुल्कने ठिकठिकाणी मदरसे काढले. बगदादचा निजामिया मदरसा १०६७ मध्ये सुरू झाला. तेथे गुरूंना वेतन आणि विद्यार्थ्यांना राहण्या-जेवण्याची सोय होती, आणि त्यासाठी मिळकती वक्फ केल्या होत्या. वक्फ म्हणजे जी पुढे विकता येत नाही व वारसांत वाटता येत नाही, अशी सत्कार्यासाठी बांधून दिलेली मिळकत.

अशा सोयीचा उपयोग कोणाला झाला, याचे एकच उदाहरण देतो. तूसमधील एका गरीब माणसाने मरताना आपली जवळची थोडी पुंजी एका सूफी मित्राच्या हाती दिली आणि माझ्या दोन मुलांना शिकव, असे सांगितले. पैसे संपले. मित्र स्वतः फकीर. त्याने मुलांना सल्ला दिला की, जेथे विद्यार्थ्यांना जेवण मिळते अशा मदरशात जा. मुले गेली. त्यांतला एक पुढे १०९१ मध्ये बगदादच्या निजामियाचा मुख्य अध्यापक झाला. त्याचे नाव इमाम गझाली. चरित्रकारांनी सांगितलेली ही हकिकत मला वसतिगृहाच्या प्रत्येक अर्जाच्या वेळी आठवते.

सेल्जूकांच्या काळात एक नवे पद निघाले. त्याचे नाव अताबेग. तुर्की भाषेत 'अता' म्हणजे बाप आणि 'बेग' म्हणजे सरदार. सुलतान आपल्या लहान मुलाच्या नावे एखादा सुभा देई आणि त्या मुलाचा पालक, शिक्षक व कारभारी म्हणून अनुभवी सरदार नेमी. तो अताबेग. म्हणजे सुभेदारी आणि गुरुपद एकाच माणसाकडे. कल्पना किती सुंदर! पण प्रत्यक्षात काय झाले? बऱ्याच अताबेगांनी शिष्याला दूर सारून राज्य आपल्याच घरात ठेवले. दमास्कसचा अताबेग तुग्तगीन याचेच पाहा. त्याचा शिष्य दुकाक ११०४ मध्ये मरण पावला. त्याच्या तान्ह्या मुलाला आणि मग बारा वर्षांच्या भावाला थोडे दिवस पुढे करून तुग्तगीन स्वतःच राज्य करू लागला. तो शूर होता, कारभारही त्याने नीट चालवला. पण ज्याची ठेव होती त्याला ती परत मिळाली नाही. दुसऱ्याच्या मुलांचे भवितव्य आपल्या हाती येते, तेव्हा तो अधिकार नसून अमानत असते. आम्ही शिक्षक आणि शिक्षणसंस्थांचे चालक या नात्याने हे आधी आम्ही लक्षात ठेवले पाहिजे.

असाच एक अताबेग मोसुलचा इमादुद्दीन झंगी. त्याचा बाप अलेप्पोचा सुभेदार होता. तो मारला गेला तेव्हा हा जेमतेम दहा वर्षांचा होता. मोसुलच्या सुभेदाराने त्याला वाढवले. ११२७ मध्ये तो मोसुलचा अताबेग झाला, पुढच्याच वर्षी अलेप्पो त्याच्या हाती आले आणि ११४४ मध्ये त्याने क्रुसेडरांकडून एडेसा घेतले. तो कडक आणि क्रूर होता. ११४६ मध्ये छावणीत नोकराच्या हातून मारला गेला. त्याचा मुलगा नूरुद्दीन मात्र वेगळ्या वळणाचा निघाला. ११५४ मध्ये त्याने लढाईवाचून म्हणावे अशा रीतीने दमास्कस घेतले आणि तेथे तीन गोष्टी उभ्या केल्या: हदीसच्या अध्ययनासाठी दारुल-हदीस, लोकांच्या तक्रारी स्वतः बसून ऐकण्यासाठी दारुल-अद्ल म्हणजे न्यायगृह, आणि एक मोठे रुग्णालय. इब्न असाकिर हा दमास्कसचा थोर इतिहासकार त्या दारुल-हदीसमध्ये शिकवीत असे.

इब्नुल-असीर या इतिहासकाराने नूरुद्दीनची एक गोष्ट नोंदली आहे. त्याच्या पत्नीने घरखर्च पुरत नाही अशी तक्रार केली. होम्स शहरात नूरुद्दीनच्या स्वतःच्या मालकीची तीन दुकाने होती. वर्षाला वीसेक दीनार भाडे येई. ती त्याने तिला देऊन टाकली. एवढे पुरणार नाही असे ती म्हणाली, तेव्हा माझ्याजवळ माझे म्हणून एवढेच आहे, बाकी सारे लोकांचे असून मी त्यांचा खजिनदार आहे, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. सार्वजनिक संस्थेत काम करणाऱ्या प्रत्येकाने ही तीन दुकाने ध्यानात ठेवावीत.

११७४ मध्ये नूरुद्दीन गेला. वारस अकरा वर्षांचा. सरदार भांडू लागले आणि त्याच वर्षी दमास्कस त्याचाच सरदार सलाहुद्दीन याच्या हाती गेले. म्हणजे राज्य गेलेच. पण रुग्णालय राहिले. त्याच्या पुढच्या प्रवासाची हकिकत ऐकण्यासारखी आहे.

नूरुद्दीननंतर सुमारे शंभर वर्षांनी कलावून नावाचा एक सरदार मोहिमेवर असताना दमास्कसमध्ये पोटशुळाने आजारी पडला. हा मूळचा किपचाक तुर्क गुलाम. एक हजार दीनारांना विकत घेतला म्हणून त्याला 'अल्फी', म्हणजे हजारी, म्हणत. नूरुद्दीनच्या रुग्णालयातील औषधांनी तो बरा झाला. बरे वाटल्यावर तो स्वतः ते रुग्णालय पाहायला गेला आणि आपल्याला राज्य मिळाले तर असेच रुग्णालय कैरोत बांधीन, असा त्याने नवस केला. १२७९ मध्ये तो इजिप्तचा सुलतान झाला आणि १२८४-८५ मध्ये त्याने नवस फेडला. ताप, डोळे, शस्त्रक्रिया अशा रोगांसाठी तेथे वेगळे विभाग होते, स्त्रियांची वेगळी सोय होती, वैद्यकशास्त्र शिकवण्याची जागा होती, आणि गरीब-श्रीमंत सर्वांना ते खुले होते. बांधकाम घाईने उरकण्यासाठी मजुरांवर सक्ती झाली, म्हणून काही विद्वानांनी त्या वास्तूविषयी आक्षेप घेतला, हेही सांगितले पाहिजे. विसाव्या शतकात त्याच आवारात नेत्ररुग्णालय निघाले. दमास्कसच्या मूळ वास्तूत १९७८ मध्ये अरबी वैद्यकाचे संग्रहालय झाले. नूरुद्दीनच्या मुलाला बापाचे राज्य मिळाले नाही. पण त्याच्या रुग्णालयाने मात्र दुसऱ्या रुग्णालयाला जन्म दिला.

कलावूनसारखे गुलाम सैनिक इजिप्तमध्ये ममलूक म्हणून ओळखले जात. ममलूक याचा अर्थ मालकीचा. १२५० मध्ये सत्ता त्यांच्या हाती आली आणि १२६० मध्ये ऐन जालूत येथे त्यांनीच मंगोलांना अडवले. त्यांची तालीम कशी असे, याचे वर्णन मकरीझी या इतिहासकाराने केले आहे. विकत आणलेला मुलगा बराकीत आला की आधी त्याला शिक्षकाच्या हवाली करीत. कुराण, लेखन, धर्माचे नियम आणि नमाज यांचे शिक्षण प्रथम. मोठा झाल्यावर तिरंदाजी, भाला, घोडदौड. शिस्त कडक. शिक्षण पुरे झाले की त्याला मुक्त करून घोडा, शस्त्रे आणि पगार देत. त्यानंतर सरदारकी, सुभेदारी आणि नशीब असेल तर गादी. "गुलाम राजा कसा झाला" या विद्यार्थ्यांच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. आधी पाटी, मग तलवार.

यात एक विचित्र प्रकार होता. बाजारातून आणलेल्या परक्या मुलाला एवढी तालीम. पण त्याच सरदारांची स्वतःची मुले वाड्यात सुखात वाढत. बापाची जागा मुलाला सहसा मिळतही नसे. काही मुलांनी मात्र लेखणी धरली. सफदी हा एका तुर्क सरदाराचा मुलगा. वयाची वीस वर्षे होईपर्यंत बापाने आपल्या शिक्षणाकडे लक्ष दिले नाही, असे त्यानेच म्हटले आहे. विसाव्या वर्षानंतर तो शिकू लागला आणि चौदा हजारांहून अधिक व्यक्तींचा चरित्रकोश लिहून १३६३ मध्ये मरण पावला. बापाचे नाव आज आपल्याला कळते ते केवळ या मुलामुळे. नापास झालेल्या किंवा मध्येच शाळा सोडलेल्या मुलांनी सफदीचे नाव लक्षात ठेवावे. उशीर झाला म्हणजे दार बंद झाले असे नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. दिल्लीचा अल्तमश हा तुर्क. त्याच्या भावांनीच त्याला विकले. बुखाऱ्यात एका विद्वान घराण्यात त्याचे बालपण गेले. दिल्लीत कुतुबुद्दीन ऐबकने त्याला विकत घेतले. ग्वाल्हेर, बरन, बदायूँ येथे त्याने अधिकार सांभाळला आणि १२११ मध्ये तो सुलतान झाला. त्याला मुलगे होते. पण तो ग्वाल्हेरच्या मोहिमेवर असताना दिल्लीचा कारभार मुलीने, रझियाने, उत्तम पाहिला. परत आल्यावर त्याने तिलाच वारस ठरवले. सरदारांनी हरकत घेतली, तेव्हा माझे मुलगे चैनीत गुंतले आहेत, राज्य सांभाळण्याची लायकी हिच्याइतकी त्यांच्यात नाही, असे त्याने सांगितले. त्याच्या मृत्यूनंतर सरदारांनी तरीही मुलालाच बसवले. सहा-सात महिन्यांत तो बुडाला आणि १२३६ मध्ये दिल्लीच्या लोकांच्या पाठिंब्याने रझिया गादीवर आली. १२४० पर्यंत तिने राज्य केले. तिच्याच काळातला इतिहासकार मिन्हाज तिचे सारे गुण मोजतो आणि पुरुष म्हणून जन्मली नाही तेव्हा या गुणांचा काय उपयोग, असे हळहळतो. सातवी-आठवीनंतर मुलीचे नाव शाळेतून काढायला पालक येतात, तेव्हा आपणही मिन्हाजचेच वाक्य बोलत असतो. अल्तमशने आठशे वर्षांपूर्वी त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे.

दख्खनलाही हा इतिहास नवा नाही. बहामनी राज्यात सुभ्याला तरफ आणि सुभेदाराला तरफदार म्हणत. 'तरफ' हा शब्द आपल्या जुन्या कागदपत्रांत जागोजाग आढळतो. गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीचा संस्थापक सुलतान कुली हा कराकोयुनलू तुर्कमान घराण्यातला, तेलंगणाचा तरफदार. तोही स्वतंत्र झाला आणि १५४३ मध्ये मुलाच्या कारस्थानाने मारला गेला. त्याच बहामनी राज्याचा वजीर महमूद गवान हा गिलानचा इराणी. त्याने १४७२ मध्ये बिदरला मोठा मदरसा बांधला. मराठवाड्यातून बिदर दूर नाही. सहलीला गेलात तर अवश्य पाहा. इमारतीचा एक भाग पडलेला दिसेल. सतराव्या शतकाच्या अखेरीस त्या मदरशात बारूद साठवली होती. तिचा स्फोट झाला. जेथे पुस्तके ठेवायची तेथे बारूद ठेवली की काय होते, हे ती भिंत सांगते.

मित्रहो, पूर्वजांचा अभिमान सर्वांनाच असतो आणि तो असावाही. पण आपल्याकडे इतिहासाचा अभिमान पुष्कळ आणि अभ्यास थोडा, अशी स्थिती आहे. नूरुद्दीनचे नाव घेणाऱ्यांनी त्याची तीन दुकाने आठवावीत. ममलूकांच्या शौर्याच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी त्यांची पाटी आठवावी.

पालकांना माझी विनंती साधी आहे. मुलगा कामावर जाऊन चार पैसे आणू लागला म्हणून त्याची दहावी सोडवू नका. मुलीला घरकाम येते म्हणून तिची पुस्तके बंद करू नका. ज्यांना अल्लाहने दिले आहे त्यांनी आपल्या मुलांबरोबर दुसऱ्याच्या एका मुलाची फी भरावी. गझालीच्या बापाची पुंजी संपली होती. पुढचे काम कोणीतरी बांधून ठेवलेल्या वक्फाने केले. विद्यार्थ्यांना एवढेच सांगतो की, मैदानावरची तालीम करा आणि वर्गातलीही करा. एकीने दुसरीची जागा भरून निघत नाही.